कराची ते जुहू : अंतर तेच, वेळ मात्र वेगळा

१/
कराची आणि मुंबई यांच्यामधील सरळ हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी एका इंजिनाच्या, कापडी आवरणाच्या छोट्याशा विमानाने वाटेत थांबा घेऊन हा प्रवास सव्वासात तासांत पूर्ण केला. आजची जेट विमाने त्याच्या पाचपट वेगाने उडतात. तरीही आज मुंबईहून कराचीस जाणाऱ्या प्रवाशाला सव्वासात तास पुरतीलच, असे सांगता येत नाही.

नव्वद वर्षांत विमाने वेगवान झाली आणि हा प्रवास मात्र लांबला. ते कसे घडले, त्याचा हा धागा.

२/
प्रथम अंतराविषयी. पृथ्वी गोल असल्याने दोन विमानतळांमधील सर्वांत जवळचा मार्ग तिच्या वक्र पृष्ठभागावरून मोजावा लागतो. कराचीहून मुंबईकडे अशी रेषा काढली, तर ती सिंधू नदीच्या मुखाजवळील खाड्यांवरून निघते, कच्छचे पश्चिम टोक ओलांडते आणि कच्छच्या आखातावरून सौराष्ट्रात शिरते. सौराष्ट्राचा दक्षिण किनारा मागे पडला, की मुंबईपर्यंत सुमारे २६० किलोमीटर केवळ समुद्र.

३/
नकाशावरील ही रेषा भूगोलाची. विमान ज्या वाटेने जाते ती वाट यंत्राची ताकद, इंधन आणि हवामान ठरवते. प्रवाशाचा एकूण वेळ मात्र आणखी एका गोष्टीवर अवलंबून असतो : त्या वाटेने जाण्याची परवानगी आहे की नाही. या मार्गाच्या इतिहासात पहिली गोष्ट कधीच बदलली नाही. दुसरी सातत्याने सुधारत गेली. तिसरीने सारा हिशेब उलटवला.

४/
भारतात ‘इतके अंतर, इतका वेळ’ ही हवाई नोंद कराची-मुंबईच्याही आधीची आहे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत सुमारे ६,५०० पत्रे विमानाने नेली. अंतर सुमारे दहा किलोमीटर, वेळ सुमारे १३ मिनिटे. जगातील पहिली अधिकृत विमान-टपाल सेवा म्हणून तिची नोंद आहे. परंतु तो एका प्रदर्शनाच्या निमित्ताने केलेला प्रयोग होता. नियमित सेवेसाठी आणखी एकवीस वर्षे जावी लागली.

५/
ती सेवा कराचीहून मुंबईला का यावी, हे समजण्यासाठी तेव्हाचा नकाशा डोळ्यांसमोर आणला पाहिजे. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. म्हणजे १९३२ साली कराची आणि मुंबई ही एकाच प्रांतातील दोन शहरे होती. सरकारी हुकूम मुंबईहून निघत आणि कराचीत अमलात येत. १९३२च्या जानेवारीत सक्कर येथे सिंधू नदीवर सुरू झालेल्या प्रचंड बंधाऱ्याला मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचे नाव होते, ते याच नात्याने.

६/
या नात्याची एक मराठी खूण कराचीत अजून उभी आहे. सिंधमधील आरंभीच्या सरकारी शाळांपैकी एक शाळा १८५५ मध्ये कराचीत स्थापन झाली. ती आजही ‘एन. जे. व्ही.’ म्हणून ओळखली जाते. ही आद्याक्षरे नारायण जगन्नाथ वैद्य यांची. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातर्फे सिंधमध्ये काम करणाऱ्या या अधिकाऱ्याचे नाव कराचीच्या मुलांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या राहिले आहे.

७/
एकाच प्रांतातील शहरे असूनही त्यांच्यामधील वाट सोपी नव्हती. समुद्रमार्गे आगबोटीने जावे, किंवा आगगाडीने राजस्थानच्या वाळवंटाला वळसा घालून अहमदाबादमार्गे यावे, असे दोन पर्याय होते. दोन्ही मार्गांनी दिवस आणि रात्र प्रवासात जात. सिंध मुंबईपासून वेगळा करावा, या मागणीच्या समर्थनार्थ जी कारणे दिली जात, त्यांत हे दूरत्वही एक कारण होते.

८/
मग १९२९ साल उजाडले. ३० मार्च रोजी इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा सुरू झाली. विमान, आगगाडी आणि समुद्रविमान असे टप्पे बदलत टपाल सुमारे एका आठवड्यात कराचीत येऊ लागले. युरोपातून येणाऱ्या विमानासाठी कराची हे हिंदुस्थानचे महाद्वार ठरले. इंग्रजांनी तर ‘आर १०१’ या महाकाय हवाई जहाजासाठी तेथे प्रचंड शेडही बांधली होती. ते जहाज ५ ऑक्टोबर १९३० रोजी कराचीच्या वाटेवर असताना फ्रान्समध्ये कोसळले आणि शेड रिकामीच राहिली.

९/
येथे खरा प्रश्न निर्माण झाला. लंडनचे पत्र हजारो किलोमीटर हवेतून कराचीस येई आणि तेथून मुंबई-मद्रासकडे पुन्हा जुन्या संथ वाटेने निघे. आकाशात वाचवलेला वेळ जमिनीवर खर्ची पडे. ही पोकळी नेव्हिल विन्सेंट या ब्रिटिश हवाई दलातील माजी वैमानिकाच्या लक्षात आली. कराची ते मद्रास टपालसेवेची योजना घेऊन तो टाटांकडे गेला.

१०/
तेथे त्याला जहांगीर रतनजी दादाभाई टाटा भेटले. त्यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी हिंदुस्थानात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळवला होता. टाटा समूहाचे प्रमुख दोराबजी टाटा यांनी या उपक्रमासाठी सुमारे दोन लाख रुपयांच्या गुंतवणुकीस मान्यता दिली. सरकारने मात्र बराच काळ निर्णय लांबवला. अखेर अनुदानाची मागणी बाजूला ठेवून, टपाल वाहून नेण्याच्या मोबदल्यावरच सेवा चालवण्याचे ठरले.

११/
१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी २८ वर्षांच्या जे. आर. डी. टाटांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून ‘पुस मॉथ’ विमान उडवले. सोबत टपालाच्या पिशव्या, वजन सुमारे २५ किलो. विमानात रेडिओ नव्हता आणि जमिनीवरून दिशा सांगणारी कोणतीही यंत्रणा नव्हती. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेल्या पेट्रोलच्या डब्यांनी टाकी भरली. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून टपाल घेऊन विन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासकडे निघाले.

१२/
आता हिशेब करून पाहू. कराची-अहमदाबाद सुमारे ५९० किलोमीटर आणि अहमदाबाद-मुंबई सुमारे ४४५, एकूण १,०३५. म्हणजे सरळ रेषेपेक्षा १६० किलोमीटर अधिक. ताशी सुमारे १६० किलोमीटर या वेगाने हे अंतर कापायला साडेसहा तास लागतात. उरलेली पाऊण तास म्हणजे अहमदाबादचा थांबा. ६.३५ आणि १.५० या दोन वेळांमधील सव्वासात तास असे जुळतात.

१३/
हा १६० किलोमीटरांचा वळसा वाया गेलेला नव्हता. अहमदाबादला इंधन मिळे आणि तेथील टपालाचीही सोय होई. शिवाय एकच इंजिन असलेल्या विमानाने २६० किलोमीटर उघड्या समुद्रावरून जाणे म्हणजे इंजिन बंद पडल्यास उतरायला जागाच नसणे. अहमदाबादमार्गे बहुतेक वेळ पायाखाली जमीन, रेल्वेमार्ग आणि नद्या असत. रेडिओ नसलेल्या वैमानिकाला हाच नकाशा. सर्वांत जवळची वाट सर्वांत शहाणी असतेच असे नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट झाले.

१४/
पावसाळ्याने आणखी एक वळसा शिकवला. जुहूचे मैदान समुद्राला लागून होते. भरती आणि पावसाने ते पाण्याखाली जाई. मग दोन विमाने, मूठभर वैमानिक आणि मेकॅनिक असा सारा संसार उचलून ही कंपनी पुण्याला जाई आणि येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावरून सेवा चालवी. याच तुरुंगात पहिल्या उड्डाणापूर्वी अवघे तीन आठवडे, २४ सप्टेंबर १९३२ रोजी, पुणे करार झाला होता. महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासातील आणि हवाई इतिहासातील दोन पाने अशी एकाच परिसरात उलटली.

१५/
पहिल्या वर्षात टाटांच्या विमानांनी सुमारे १,६०,००० मैल प्रवास केला, ९.७२ टन टपाल आणि १५५ प्रवासी वाहून नेले आणि ६०,००० रुपये नफा मिळवला. १५५ हा आकडा नीट वाचावा. ही प्रवाशांची नव्हे, पत्रांची सेवा होती. जागा उरली तर माणूस बसे. वेळेच्या काटेकोरपणाबद्दल मात्र नागरी विमान वाहतूक खात्याने या कंपनीची प्रशंसा केली. वेगाइतकीच प्रतिष्ठा नियमिततेला होती.

१६/
कराची-जुहू अंतर घड्याळात असे आक्रसत असतानाच राजकीय नकाशावर ते वाढू लागले. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध हा स्वतंत्र प्रांत झाला. आता ही दोन प्रांतांमधील सेवा होती. अकरा वर्षांनी, ऑगस्ट १९४७ मध्ये, ती दोन देशांमधील सेवा झाली. विमानतळ जागचे हलले नव्हते. त्यांच्यामधील रेषेवर सीमा उमटली होती.

१७/
फाळणीनंतर, विशेषतः जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर, सिंधी हिंदूंचे लोंढे बोटींनी, गाड्यांनी आणि विमानांनी मुंबईच्या दिशेने आले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांतील हजारोंना आसरा मिळाला. तेच आजचे उल्हासनगर. त्यांच्यापैकी बहुतेकांसाठी कराची-मुंबई हा एकेरी प्रवास ठरला. वेळापत्रकात परतीचे विमान होते, पण परतायला घर उरले नव्हते.

१८/
तरी दार पूर्णपणे बंद झाले नव्हते. १५ ऑक्टोबर १९६२ रोजी, पहिल्या उड्डाणाला तीस वर्षे झाली तेव्हा, ५८ वर्षांच्या जे. आर. डी. टाटांनी ‘लेपर्ड मॉथ’ या जुन्या विमानातून तेच उड्डाण पुन्हा केले. आणि ते कराचीहूनच केले. दोन देशांच्या परवानग्या लागल्या, परंतु त्या मिळाल्या.

१९/
१९६५च्या युद्धाने चित्र बदलले. सिंध आणि राजस्थान यांना जोडणारा खोखरापार-मुनाबाव रेल्वेमार्ग बंद पडला, तो २००६ पर्यंत. पुढचा घाव थेट आकाशावर बसला. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान पळवून लाहोरला नेले गेले आणि नंतर तेथे जाळले गेले. त्यानंतर ४ फेब्रुवारीला भारताने आपल्या आकाशातून जाण्यास पाकिस्तानी विमानांना मनाई केली.

२०/
या एका आदेशाने अंतर किती वाढू शकते, याचे उदाहरण कराची-ढाका मार्गाचे आहे. भारतावरून गेल्यास हे अंतर सुमारे २,३५० किलोमीटर. भारताला वळसा घालून कोलंबोमार्गे गेल्यास ४,५०० किलोमीटरांहून अधिक. पाकिस्तानचे दोन भाग एका रात्रीत एकमेकांपासून जवळपास दुप्पट लांब गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस बांगलादेश अस्तित्वात आला. त्याची कारणे अनेक आणि फार खोल होती. पण सैन्य आणि सामान पूर्वेकडे नेणे या वळशामुळे अधिक कठीण झाले, हे निश्चित.

२१/
१९७६ मध्ये दोन्ही देशांतील हवाई संपर्क पूर्ववत झाला. जेट विमानांच्या युगात कराची-मुंबई हा प्रवास साधारण दीड ते पावणेदोन तासांचा झाला. ताशी ८०० किलोमीटर वेगाला ८७५ किलोमीटरांसाठी एवढा वेळ का, असे कुणी विचारील. वेळापत्रकातील वेळ विमान जागचे हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची चाल, उंची गाठणे, उतरण्याची रांग हे सारे त्यात येते. अंतर जितके कमी, तितका या गोष्टींचा वाटा मोठा.

२२/
त्यात एक गंमतही असे. पाकिस्तानचे घड्याळ भारताच्या अर्धा तास मागे आहे. त्यामुळे तिकिटावर मुंबईहून कराचीला जाणारे विमान फारच लवकर पोहोचल्यासारखे दिसे आणि परतीचे रेंगाळल्यासारखे. १९३२ मध्ये हा फरक सरकारी हिशेबात नव्हता. तेव्हा सरकारी घड्याळे दोन्हीकडे एकच प्रमाणवेळ दाखवीत.

२३/
१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पन्नास वर्षांनी, ७८ वर्षांच्या जे. आर. डी. टाटांनी पुन्हा ‘लेपर्ड मॉथ’ घेतले आणि पुन्हा कराचीहून एकट्याने मुंबई गाठली. दोन युद्धे होऊन गेली होती, तरी तो मार्ग त्या दिवशी खुला होता. आपल्याला आज हे आश्चर्याचे वाटते, यातच पुढच्या चाळीस वर्षांचा इतिहास दडला आहे.

२४/
संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून दोन्ही देशांतील हवाई संपर्क तुटला. तो १ जानेवारी २००४ रोजी पुन्हा जुळला. मे २०१७ मध्ये पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सने आपली कराची-मुंबई सेवा स्थगित केली. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद राहिले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी आपापले आकाश परस्परांच्या विमानांना बंद केले.

२५/
ऑक्टोबर २०२१ मध्ये आरोही पंडित या तरुण वैमानिकेने एका हलक्या विमानातून १९३२च्या त्या उड्डाणाला मानवंदना दिली. ती अहमदाबादला उतरली आणि जुहूला पोहोचली. आरंभस्थान मात्र कराची नव्हते, भूज होते. १९३२, १९६२ आणि १९८२ : तीन वेळा कराची. २०२१ : भूज. भूजपासून कराची सुमारे ३१० किलोमीटर आहे. मूळ मार्गाचा तेवढा तुकडा या मानवंदनेत नव्हता.

२६/
आता आरंभीच्या कोड्याकडे येऊ. व्हिसाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी आज मुंबईहून कराचीला जायचे तर बहुधा दुबईसारख्या तिसऱ्या शहरातून जावे लागते. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-कराची सुमारे १,१९०. एकूण ३,१२० किलोमीटर, म्हणजे मूळ अंतराच्या साडेतीनपट. हवेत सुमारे पाच तास आणि मधला मुक्काम वेगळा. दोन तासांत पुढचे विमान मिळाले, तरी सात तास होतात. थोडा विलंब झाला, की बैलगाडीतून पेट्रोल घेणारे ते पुस मॉथ पुढे निघून जाते!

२७/
इतिहास वाचताना आपण सहसा असे गृहीत धरतो, की वाहने वेगवान झाली म्हणजे जग जवळ आले. कराची-जुहू मार्ग या समजुतीला छेद देतो. इंजिनाने वाचवलेले तास येथे सीमेने परत घेतले. म्हणून जुने वेळापत्रक हाती आले, तर त्याकडे केवळ प्रवासाची माहिती म्हणून पाहू नये. कोणत्या दोन गावांमध्ये कोणत्या काळी किती वेळ लागे, ही नोंद त्या काळच्या राजकारणाचाही दस्तऐवज असते.

२८/
जुहूचे विमानतळ आजही आहे. तेथून मुख्यतः हेलिकॉप्टरे आणि लहान विमाने उडतात. कराचीच्या ड्रिग रोड परिसरात जिना आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि पाकिस्तानी हवाई दलाचा फैसल तळ आहे. दोहोंमध्ये ८७५ किलोमीटर, १९३२ मध्ये होते तेवढेच. आपल्या घरी किंवा गावातल्या ग्रंथालयात जुनी रेल्वेची, बोटींची वा विमानांची वेळापत्रके असतील, तर ती जपून ठेवा आणि त्यांतील एखादा हरवलेला मार्ग खाली प्रतिसादात अवश्य कळवा.